तिसऱ्या पानावरची शिंपीण

१

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी भिंगरी मरायची. सकाळी आठ ते दहा ती लोकांना मोटार शिकवायची, साडेदहाला घरी यायची, अकराच्या ठोक्याला मेलेली असायची आणि साडेअकराला चहाचा कप हातात धरून प्रकाशकाच्या नावानं बोटं मोडायची. बावीस वर्षं हा क्रम चुकला नव्हता.

मरायची म्हणजे दादाच्या स्टुडिओत, फरशीवर. दादा तिचा थोरला भाऊ. दोघांचंही लग्नाचं जमलं नाही, किंवा खरं सांगायचं तर जमवायचं कुणी फारसं मनावर घेतलं नाही, आणि आईवडील गेल्यावर दोघं त्याच घरात राहिले. पुढच्या खोलीत स्टुडिओ, मागे दोन खोल्या, वर गच्ची. एरवी दादा पासपोर्टाचे आणि शाळांच्या ग्रुपचे फोटो काढायचा. महिन्यातून एकदा मात्र एका प्रकाशकासाठी रहस्यकादंबरीचं मुखपृष्ठ करायचा. त्या कादंबऱ्या सगळ्या एकाच लेखकाच्या आणि एकाच साच्यातल्या होत्या. तिसऱ्या पानावर एका बाईचा खून व्हायचा आणि मुखपृष्ठावर ती बाई यायची. चेहरा दिसता कामा नये, ही प्रकाशकाची अट. एक हात, एक पाऊल, फरशीवर पसरलेले केस, एवढंच.

हे काम भिंगरीकडे यावं हीच गंमत होती. लहानपणी ती पाच मिनिटं एका जागी बसली तर आई तिच्या कपाळाला हात लावून ताप बघायची. म्हणून तर भिंगरी. त्रेचाळिशी आली तरी एक पाय दारात आणि तोंड सतत चालू. पण दादानं कॅमेरा लावला की अशी निपचित पडायची की नाकावर माशी बसली तरी हलायची नाही.

"आज मी कोण?" आडवं होण्याआधी ती विचारायची. मग दादा हस्तलिखिताची पहिली तीन पानं मोठ्यानं वाचायचा. चौथं पान त्यानं कधी उघडलं नाही, फोटोला तेवढंच पुरायचं. लेखक त्या बायकांना नावंही द्यायचा नाही. कधी परिचारिका, कधी ग्रंथपाल, कधी पोहण्याच्या तलावावरची तिकीटवाली.

"अडीच पानं जगते बिचारी," भिंगरी म्हणायची. "आणि पुढची दोनशे पानं पुरुष सिगरेटी ओढत तिच्यावर चर्चा करतात. हिला चहा कसा लागायचा, हे कुणाला तरी माहीत आहे का?"

"लेखकालाच माहीत नसेल."

"तेच म्हणते मी."

फोटो झाले की दादा तिला हाक मारून उठवायचा. ही सवय पहिल्या वर्षातली. तेव्हा दिवे कमी होते, फार वेळ पडून राहावं लागायचं, आणि एकदा काम संपलं तरी ती उठेना. दादाला वाटलं थट्टा करतेय. बऱ्याच वेळानं डोळे उघडले तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. "फार लांब गेल्यासारखं वाटतं रे," ती म्हणाली होती. "तू हाक मारत जा, म्हणजे येते." तेव्हापासून तीन वेळा "भिंगरे, ऊठ" म्हणायचं, तिसऱ्या हाकेला ती "हं" म्हणायची आणि कुरकुरत उठायची. दोघांचाही कशावर विश्वास नव्हता. घर सोडताना कुलूप ओढून बघतात तसं ते झालं होतं.

ती उठली की शेवटचा एक फोटो रिकाम्या फरशीचा. मुखपृष्ठावर अक्षरं टाकणाऱ्या चित्रकाराला मागची जमीन भरून काढायला तो लागायचा.

२

त्या मंगळवारी तिनं विचारलं तेव्हा दादा म्हणाला, "आज तू शिंपीण."

"कठीण आहे. मला सुईत दोरा ओवता येत नाही."

"मेल्यावर ओवायचा नसतो."

त्यानं वाचून दाखवलं. दुकानाच्या वरच्या खोलीत खिडकीपाशी एक शिंपीण बसली आहे. हातानं एका कोटाचं अस्तर शिवते आहे. जिन्यावर पावलं वाजतात. ती सुई थांबवते, मान डावीकडे वळवते. तिथं परिच्छेद संपतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचा मालक वर येतो आणि किंचाळतो.

"झालं? वळली आणि मेली?"

"झालं."

"निदान कोट तरी पुरा करू द्यायचा मेल्यानं," भिंगरी म्हणाली आणि फरशीवर आडवी झाली.

दादानं तिच्या बोटांत माप घ्यायची टेप अडकवली, थोडी दूर कात्री ठेवली. दोन दिवसांपूर्वी मोटारीच्या दारात सापडून तिच्या डाव्या अंगठ्याचं नख काळंठिक्कर पडलं होतं, ते त्यानं टेपखाली झाकलं. सहा फोटो झाले आणि आत फोन वाजला. फरशी गार होती, म्हणून जाता जाता त्यानं तिच्या अंगावर चादर टाकली.

फोन प्रकाशकाचा. छपाई दोन दिवस आधी होणार होती, फोटो गुरुवारी हवा होता. शिंपीण नीट आली ना? शिंपीणच आहे हे लांबून कळलं पाहिजे. मागच्या महिन्यातली परिचारिका लोकांना स्वयंपाकीण वाटली. शिंपिणीचं तसं होऊ देऊ नका. पंधरा मिनिटं त्यानं दादाचं डोकं खाल्लं, आणि दादा परत आला तेव्हा त्याच्या तोंडात तोच एक शब्द घोळत होता. त्यातून मूड थट्टेचा.

"शिंपीणबाई, उठा आता," तो म्हणाला. "शिंपीणबाई, उठा. अहो शिंपीणबाई, उठा."

"हं," चादरीखालून आवाज आला.

ती उठून बसली. खिडकीकडे थोडा वेळ बघत राहिली. मग बोटांतली टेप दोन बोटांभोवती घट्ट गुंडाळली, कात्रीशेजारी ठेवली, चादर उचलली आणि टोकाला टोक जुळवून तिची चौपदरी घडी केली. भिंगरी चादरीचा बोळा करून खुर्चीवर भिरकावायची. बावीस वर्षांत तिनं घडी म्हणून केली नव्हती.

"तुम्ही चहा घेतलात?" तिनं विचारलं.

दादा खो खो हसला. तो तिला अहो-जाहो करत होता, तर तीही करणारच. त्यानं ठरल्याप्रमाणे रिकाम्या फरशीचा फोटो काढला आणि चहा टाकायला गेला.

३

संध्याकाळी दादा पेपर वाचत असताना ती समोर येऊन उभी राहिली.

"बटण लोंबतंय तुमचं. काढा शर्ट."

"पुरे झालं हं आता नाटक," तो म्हणाला, पण शर्ट काढून दिला. आईच्या जुन्या डब्यातून तिनं सुई काढली, डोळ्यांजवळ न नेता दोरा ओवला, पाच टाके घातले, दोरा दातानं तोडला. सगळं अर्ध्या मिनिटात. शर्ट घेताना दादाला तिचा अंगठा दिसला. नख गुलाबी होतं, स्वच्छ.

रंग असेल, धुऊन गेला, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पण रविवारी रात्री त्यानंच तो अंगठा बर्फात धरून ठेवला होता आणि भिंगरीच्या शिव्या खाल्ल्या होत्या. तो रंग नव्हता. मग डॉक्टरच्या मलमानं उतरलं असेल. माणसाला पटवून घ्यायचं असलं की तो काहीही पटवून घेतो.

बुधवारी सकाळी हेडमास्तर शिकायला आले. हे भिंगरीचे लाडके विद्यार्थी. निवृत्त झालेले, अडुसष्ट वर्षांचे, सहा महिने झाले तरी गाडी मागे घेता येत नव्हती. वीस मिनिटांत ते एकटेच परत आले, हातात गाडीची किल्ली घेऊन. चेहरा उतरलेला.

"तुमच्या बहिणीची तब्येत बरी आहे ना?" त्यांनी दादाला बाजूला घेऊन विचारलं.

"का हो?"

"मी गाडी कोपऱ्यावरच्या खांबाला ठोकली. तर मला विचारतात, तुम्हाला लागलं नाही ना? एकदासुद्धा गाढव म्हणाल्या नाहीत हो मला. आणि मग म्हणाल्या, मी चालत येते, ही थांबवायची कशी ते मला माहीत नाही."

दादानं तिला ताप असल्याचं सांगून त्यांना वाटेला लावलं. ती मागून सावकाश आली, घरांच्या भिंतींना, झाडांना हात लावत. येताना तिनं कुणाच्या तरी कुंपणावरचं एक पान तोडून आणलं होतं आणि ते उलटसुलट करून बघत होती.

दुपारी ती खिडकीपाशी बसून स्टुडिओच्या काळ्या पडद्याची उसवलेली किनार शिवत होती. दादा फोटोंची पाकिटं घेऊन तिच्या मागून आला. त्याचे बूट फरशीवर वाजले.

तिची सुई थांबली. मान डावीकडे वळली. चेहऱ्यावर भीती नव्हती, काहीच नव्हतं. ती तशीच राहिली, सुई अर्धवट वर, श्वास न घेता, पुढचं वाक्य यायचं असावं तशी.

"मीच आहे," दादा म्हणाला.

मग तिनं श्वास घेतला आणि पुढचा टाका घातला. त्यानंतर दादा घरात अनवाणी फिरू लागला, आणि तिच्या खोलीत जायचं तर आधी दारातून खोकायचा.

४

रोल त्यानं त्याच दुपारी धुतला. डार्करूममध्ये तांबड्या दिव्याखाली एकेक कागद ताटलीत बुडवायचा आणि चित्र वर येताना बघायचं, हे त्याला आयुष्यभर आवडत आलं होतं. पहिले सहा फोटो ठीक होते. हात, टेप, कात्री. शिंपीण लांबूनही शिंपीण वाटत होती.

सातवा रिकाम्या फरशीचा. आधी फरशीचे सांधे आले. मग सांध्यांवर एक हात आला.

दादानं कागद पाण्यातून काढून उजेडात नेला. फिल्म पुढे सरकली नसेल, दोन फोटो एकावर एक पडले असतील. होतं असं. नवशिक्यांचं होतं. पण तसं असतं तर टेप दिसली असती, कात्री दिसली असती. इथं नुसता हात होता, मनगटापासून पुढे, पालथा, आणि अंगठ्याचं नख काळंठिक्कर.

त्यानं नवा रोल भरला. कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट केला, दार लावलं, उघड्या रिकाम्या फरशीचे तीन फोटो काढले. तिन्हींत हात होता.

तो जाऊन त्या जागी उकिडवा बसला आणि फरशीवर तळवा टेकला. फरशी गार होती, एवढंच. पलीकडच्या खोलीतून सुई कापडातून जायचा बारीक आवाज येत होता. इतका बारीक आवाज ऐकू येण्याइतकं हे घर कधी शांत नसायचं. भिंगरी घरात असताना रेडिओसुद्धा ऐकू यायचा नाही. दादाला तिची अशी आठवण आली की तो तिथंच फरशीवर बसून रडला.

५

ती गच्चीवर उन्हात बसली होती. हातात चिरलेला टोमॅटो, त्यावर मीठ. दादा जिन्यावरून खोकत खोकत वर गेला.

"हे असं लागतं होय," ती म्हणाली. "मला वाटायचं नुसतंच लाल असतं."

तो तिच्या समोर बसला. खरं तर त्याला ओरडायचं होतं. पण तिच्या हनुवटीवर टोमॅटोचं बी चिकटलं होतं, आणि असं बी चिकटलेल्या माणसावर ओरडता येत नाही.

"तुम्ही कोण?" त्यानं विचारलं.

"तुम्हाला माहीत असेल असं वाटलं. तुम्हीच तर हाक मारलीत."

"तुमचं घर कुठं? आई आहे? कुणी भाऊबहीण?"

तिनं बराच विचार केला. मनापासून केला. "खिडकी होती," ती म्हणाली. "कोट होता. मग पावलं."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी खिडकी."

दादानं शर्टाच्या खिशातून फोटो काढून तिच्यासमोर धरला. तिनं ओले हात झग्याला पुसले आणि तो अलगद घेतला.

"ही तुमची बहीण?"

"तिचा हात."

"तुम्ही मला हाक मारताना ती ऐकत होती का?"

"असेल."

"मग तिला वाटलं असेल, आपल्याला नाहीच हाक मारली." हे तिनं इतक्या साधेपणानं म्हटलं की दादाला गच्चीवरून खाली बघावं लागलं. खाली रस्त्यावर दूधवाला रोजच्यासारखा सायकलची साखळी बसवत होता.

६

रोज दुपारी बाराला दादा फरशीचा फोटो काढायचा. गुरुवारी हात होता, पण फिका. वाटलं, रसायन जुनं झालं असेल. नवीन आणलं. शुक्रवारी बोटांतून फरशीचे सांधे दिसत होते. प्रकाशकाला मुखपृष्ठ गेलं, त्याचा खूश होऊन फोन आला, दादानं तो न ऐकता ठेवून दिला.

शनिवारी सकाळी त्यानं चारही दिवसांचे फोटो टेबलावर ओळीनं मांडले आणि तिला बोलावलं. तिनं ते शिंपी कापड बघतात तसे बघितले, उजेडासमोर धरून.

"विरत चाललंय," ती म्हणाली. "असं विरायला लागलं की फार दिवस टिकत नाही."

तीन दिवस दादा हिला कसं सांगायचं याचा विचार करत होता, आणि तिनंच म्हणावं अशी आशा करत होता, आणि त्या आशेची त्याला लाज वाटत होती. या तीन दिवसांत ती दोनदा हसली होती. एकदा त्याच्या खोकण्याला, एकदा मांजराला.

"मला परत आडवं व्हायला हवं ना?"

"तसंच असेल असं नाही," दादा म्हणाला. "मला काहीच माहीत नाही हो. मी फोटो काढणारा माणूस."

"किनार एक हातभर राहिलीय. तेवढी करते." ती खिडकीपाशी बसली. मग सुई ओवता ओवता म्हणाली, "जिन्यावरून कोण येतं?"

दादाला सांगता येईना. अडीचशेच्या वर बायका त्यानं या फरशीवर निजवल्या होत्या आणि एकीलाही कुणी आणि का मारलं हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं कपाटावरून हस्तलिखित काढलं आणि उभ्याउभ्या शेवटची पानं वाचली. गुप्तहेर अकरा ओळींत सगळं सांगतो आणि सिगरेट पेटवतो.

"कोट ज्याचा होता तो," दादा म्हणाला. "अस्तरात त्यानं एक पत्र लपवलं होतं. त्याला वाटलं, तुम्ही ते वाचलं."

"काहीतरी कडक लागलं होतं हाताला," ती म्हणाली. "मी ते तसंच आत ठेवून वरून टाका घातला. दुसऱ्याचं कशाला बघायचं?"

"हो."

"म्हणजे उगीचच."

"उगीचच," दादा म्हणाला.

तिचे टाके आधीसारखेच सारखे पडत होते. दादा आत जाऊन चहा घेऊन आला, समोरून आला, आणि साखरेचं भांडं तिच्यापुढे धरलं. एक चमचा घालून तिनं घोट घेतला, मान हलवली. दोन घालून घेतला. तीन चमच्यांना तिचा चेहरा उजळला.

"तीन," ती म्हणाली.

"तीन," दादानं म्हटलं, आणि ते पक्कं लक्षात ठेवलं.

७

पडदा तिनं स्वतःच दांडीवर चढवला, लांब उभं राहून किनार सरळ आहे का बघितलं आणि फरशीवर आडवी झाली. कुठे झोपायचं, हात कुठे टाकायचा, काही सांगावं लागलं नाही.

"समोरच बसा," ती म्हणाली. "मागून नको."

तो तिच्या चेहऱ्यासमोर मांडी घालून बसला. तिच्या पायाशी घडी केलेली चादर होती. बाहेर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवला, शाळा सुटल्याचा गलका गेला. भर दुपारची वेळ. इतक्या उजेडात काही वाईट होत नसतं, असं त्याला वाटत आलं होतं.

"तुम्हाला भीती वाटतेय?" त्यानं विचारलं.

"मला नंतरचं माहीत नाही. तिथं वाक्य संपतं." मग थोड्या वेळानं, "टोमॅटो चांगला होता."

तिनं मान डावीकडे वळवली. दादानं चादर उलगडून तिच्या अंगावर घातली, आणि तिच्या डोक्यावरून ओढली. बावीस वर्षांत मेलेल्या बाया त्यानं ढीगभर बघितल्या होत्या. मारायची वेळ ही पहिलीच.

"भिंगरे, ऊठ."

चादर हलली नाही.

"भिंगरे, ऊठ."

कापडाखालचा आकार तसाच होता, पण तो आता श्वास घेत नव्हता हे दादाला कळलं. त्यानं चादर उचलायला हात पुढे केला आणि मागे घेतला. हिचा श्वास गेला आणि तिचा आला नाही, तर त्यानं आज दोघींना घालवलं. तिसरी हाक एकच उरली होती. ती त्यानं लहानपणी अंगणातून जेवायला हाक मारायचा तशी मारली, पूर्ण ताकदीनं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी.

"भिंगरे, ऊठ!"

भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज तेवढा येत राहिला. बराच वेळ येत राहिला.

"हं," चादरीखालून आलं. "ओरडतोस काय बैलासारखा?"

८

तिचे ओठ पांढरे होते आणि नख काळं होतं. दादानं तिला इतकं घट्ट धरलं की तिनं त्याच्या पाठीत गुद्दा घातला.

"किती वेळ बोलतोस रे त्या माणसाशी फोनवर? पाठ गोठली माझी. आणि रडतोस काय? काय झालं? पडदा कुणी शिवला?"

"सांगतो. आधी ऊठ. आत चल, गरम काहीतरी घे."

"उठते."

पण ती उठली नाही. तिचा उजवा हात फरशीवरच होता, मूठ अर्धी मिटलेली. दादानं त्या हाताला धरून ओढायला सुरुवात केली, तशी तिनं त्याला थांबवलं.

"थांब. आत्ताच आली ती. घाबरलीय."

"कोण?"

"मला काय माहीत कोण. तोंडाला चहाचा वास होता." भिंगरी हळू बोलत होती. ती हळू बोलू शकते हे दादाला माहीत नव्हतं. "तिथं अंधारबिंधार काही नाही दादा. सगळ्या नुसत्या पडलेल्या असतात. कान लावून. कुठे लांब कुणी बोललं की प्रत्येकीला वाटतं आपल्यालाच. मीच एकटी उठले. मग तिचा हात तसाच कसा सोडू?"

दादानं तिची मूठ बघितली. मुठीत काही नव्हतं. पण तळव्यावर चार ठिकाणी कातडी दबून पांढरी पडली होती, आणि त्याच्या डोळ्यांदेखत ते चार ठसे सैल झाले, लाल झाले, आणि पुन्हा दबले.

"दमलीस तू," तो म्हणाला. "मला दे."

भिंगरी सरकली. दादा तिच्या शेजारी पालथा आडवा झाला, गाल फरशीला लावला आणि तिच्या तळव्याशेजारी आपला तळवा टेकवला. आधी फक्त गारठा लागला. मग बोटांत बोटं आली. पहिल्या बोटाचं टोक खरखरीत होतं, सुईच्या भोकांनी.

"शिंपीणबाई," तो म्हणाला.

बोटं एकदम घट्ट झाली. सगळं अंग गोळा करून कुणी ऐकावं तशी घट्ट झाली. पुढचा शब्द त्याच्या जिभेवर होता. त्यानं वर बघितलं. भिंगरी त्याच्याकडे बघत होती, ओठांना नुकता कुठे रंग येत होता, आणि तो कोणता शब्द म्हणणार हे तिला कळलं होतं. ती नको म्हणाली नाही. तिनं फक्त त्याच्याकडे बघितलं.

दादानं तो शब्द गिळला.

"मी आहे इथं," तो फरशीला म्हणाला. "तीन चमचे. माझ्या लक्षात आहे."

बोटं सैल झाली नाहीत, पण त्यांची थरथर थांबली. भिंगरीनं चादर ओढून त्याच्या पाठीवर घातली आणि भिंतीला टेकून बसली. घरात ऊन सरकत होतं. आता थोडा वेळ असंच बसायचं, मग बघू, असं दादानं मनाशी ठरवलं.

तेवढ्यात त्याच्या दुसऱ्या हातावर, जो नुसताच बाजूला पडला होता, कुणीतरी हलकेच हात ठेवला. हा हात लहान होता आणि ओला होता, त्याला पोहण्याच्या तलावाचा वास होता. शिंपिणीचा नव्हता. दादानं तोही धरला.